आयबीएस-सी: गोळ्यांशिवाय उपाय आणि मॅग्नेशियमवालं मिनरल वॉटर, अनुभव हवे आहेत

नमस्कार मंडळी,

आम्ही म्युनिकला असतो. नवऱ्याला आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम: तपासण्यांत दोष न दिसताही पोटात कळा, फुगारा आणि शौचाच्या तक्रारी) आहे, त्यातला बद्धकोष्ठाचा प्रकार, म्हणजे आयबीएस-सी. कोलोनोस्कोपी, थायरॉइड, सीलिअॅकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) तपासणी सगळं नॉर्मल. वजन उतरलेलं नाही, रक्त जात नाही. तेव्हा 'आधी डॉक्टरांना दाखवा' हे कृपया नको, दाखवून झालंय. गोळ्या न घेता बघू, असं डॉक्टरच म्हणाले.

इसबगोल चालू आहे आणि मानवलंय. गव्हाच्या कोंड्याने मात्र पोट ढोलासारखं फुगायचं, तो बंद केला. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाचा लो-फॉडमॅप आहारही (आतड्यात आंबून गॅस करणारी कर्बोदकं टाळायची) सुरू केलाय. कांदा-लसणाशिवाय स्वयंपाक म्हणजे शिक्षाच! पण एक युक्ती जमली: लसणातले त्रास देणारे घटक पाण्यात उतरतात, तेलात नाही. म्हणून पाकळ्या तेलात परतून काढून टाकते आणि त्याच तेलात फोडणी करते. आमटीत कांदा शिजवून नंतर वेचून काढण्यात मात्र अर्थ नाही, तो तोवर रसात उतरलेला असतो. गहूही या आहारात टाळायचा असतो आणि हिंगाच्या डबीवरही मैदा लिहिलेला सापडला, म्हणून आता खडा हिंग शोधतेय.

आता मुख्य प्रश्न. शेजारणीने डोनाट नावाचं पाणी सुचवलंय, स्लोव्हेनियातल्या रोगाश्का स्लातिनाचं. लिटरमागे साधारण १००० मिलिग्रॅम मॅग्नेशियम, शिवाय भरपूर सल्फेट. ही जोडी आतड्यात पाणी धरून ठेवते, त्यामुळे शौचाला मऊ होतं, इथपर्यंत पटतं. पण मी वाचलेल्या चाचण्या साध्या बद्धकोष्ठाच्या रुग्णांवरच्या आहेत. आयबीएसमधल्या कळा आणि फुगारा त्याने कमी होतो का? त्यात ते पाणी गॅसवालं. आणि लिटरमागे दीडेक ग्रॅम सोडियम, आणि नवऱ्याचं बीपी काठावर. किडनी ठीक आहे.

कोणी नियमित घेतलंय का? उपाशीपोटी की जेवणाआधी, किती, आणि गॅस घालवायला बाटली रात्रभर उघडी ठेवून सकाळी कोमट केली तर चालतं का? इसबगोलसोबत घेताना पोट जास्तच ढिलं झालं का?

आणखी एक. आयबीएससाठी संमोहन उपचार असतात, मँचेस्टरला १९८०च्या दशकापासून त्यावर काम झालंय. मराठीतून ऑनलाइन असं कोणी करतं का? नवरा जर्मनमधून शिथिल होणं शक्य नाही.

(सासूबाईंचा एरंडेलाचा आग्रह रोज व्हिडिओ कॉलवर ऐकतो आहोत, त्यामुळे तो सोडून सांगा.)