विषय: तिमोरच्या शाळेच्या बागेचं कुंपण, शुक्रवारपर्यंत हो की नाही कळवा

डार्विनकर मंडळी,
पूर्व तिमोरमधल्या लिकिसाहून शाळेच्या मास्तरांचा फोन आला. शेळ्या पुन्हा शिरल्या. वांगी, पालेभाजी साफ. शेवगा उंच म्हणून वाचला. खांब, जाळी आणि मजुरीचे 640 डॉलर हवेत (तिथे अमेरिकी चालतात, खजिनदारांनी नोंद घ्यावी). संक्रांतीच्या देणगीच्या डब्यात तेवढे आहेत. नोव्हेंबरच्या पावसाआधी कुंपण झालं नाही तर यंदाची लावणीही शेळ्यांचीच.
– सचिव

ते पैसे बियाणं-अवजारांसाठी मंजूर झालेत, इतिवृत्त पाहा. कुंपण म्हणजे बांधकाम. टाकीच्या वेळी असंच झालं आणि ऑडिटला उत्तरं मी दिली.
– खजिनदार

बियाण्याचं निघालंच आहे तर माझ्याकडे लातूरची मेथी आहे, किलोभर. दिलीला, म्हणजे तिमोरच्या राजधानीला, कोण जातंय?
– पामर्स्टनच्या काकू

काकू, मागे विमानतळावर तुमच्या लोणच्याचं काय झालं ते आठवा! शिवाय पर्माटिल या तिथल्या शेतीविषयक संस्थेनं शाळांत बागा सुरू करून दिल्या त्या स्थानिक बियाण्याच्या आग्रहानं. शेवगा त्यांच्याकडे आहेच, मारुंगी म्हणतात.
– सचिव

कुंपणाला पैसे कशाला? गिरीपुष्पाच्या फांद्या खोचा. आम्ही राहुरीला हेच केलं. आजोबा तर रयतच्या वसतिगृहात शिकले, पोरांनीच बांध घातले, कुणाकडे हात पसरले नाहीत.
– नाइटक्लिफचे दादा

दादा, गिरीपुष्प पावसातच धरतं, आणि त्याचा पाला शेळ्या आवडीनं खातात. राहुरीला शेळ्या नव्हत्या का? वसतिगृहातली पोरं रात्री तिथेच असायची. ही दुपारी घरी जातात, मग शेळ्या हाकलणार कोण?
– सचिव

मी 2001 मध्ये दिलीला होतो, म्हणून बोलतो. 1999 च्या स्वातंत्र्याच्या मतदानानंतर शाळा जाळल्या गेल्या, बरेचसे इंडोनेशियन मास्तर निघून गेले. मी पाहिलेल्या वर्गांना छप्पर नव्हतं. पण खेड्यात जाळीपेक्षा तारा बंदू ही गावबंदीची प्रथा चालते. वडीलधारे जमतात, विधी करतात, अमुक हद्दीत गुरं सोडायची नाहीत असं ठरतं. मोडलं तर शेळी किंवा डुक्कर दंड. इंडोनेशियाच्या काळात ही प्रथा दबली होती, स्वातंत्र्यानंतर पुन्हा रुजली. गावात तसं बोलणं झालंय का, हे आधी मास्तरांना विचारा. नाहीतर आपली जाळी महिन्याभरात कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्याला लागेल.
– जुना सभासद

मास्तरांना विचारलं. तारा बंदूचं पुढच्या रविवारी ठरतंय. मात्र गावचे वडील म्हणतात, ज्यांच्या शेळ्या त्यांनी खांब रोवायचे, जाळी शाळेनं आणायची. म्हणजे मजुरी वाचली, 410 पुरतील.
– सचिव

चारशे दहाचं बोलू. इतिवृत्तात ‘अवजारे व अनुषंगिक खर्च’ असं आहे, तेही सचिवांच्याच अक्षरात, आज दिसलं. दोन दुकानांची कोटेशनं पाठवा. आणि काकू, मेथी खरंच नको.
– खजिनदार

मग ती गणपतीच्या प्रसादाच्या जेवणाला घ्या. भाजी मी करणार, यंदा कुणी मध्ये पडू नये.
– पामर्स्टनच्या काकू