विरळ हवेमुळे भाषेत इजेक्टिव्ह व्यंजनं येतात का?

घाटमाथा

2013 साली मायामी विद्यापीठातल्या केलेब एव्हरेट (एव्हरेस्ट नव्हे!) या मानववंशशास्त्रज्ञाने ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात एक दावा मांडला. इजेक्टिव्ह व्यंजनं असलेल्या भाषा उंच प्रदेशांत आणि त्यांच्या आसपास जास्त सापडतात, आणि त्याचं कारण तिथली विरळ हवा असावी. भाषाशास्त्रवाल्यांनी तेव्हाच नाकं मुरडली. माझ्या मते उगाच मुरडली.

आपण ‘क’ म्हणतो तेव्हा हवा फुफ्फुसांतून येते. इजेक्टिव्हमध्ये फुफ्फुसांना सुट्टी. स्वरतंतू घट्ट मिटायचे, तोंडातही ‘क’च्या जागी वाट अडवायची, मधे कोंडलेली हवा स्वरयंत्र वर उचलून दाबायची आणि सोडायची. टक्क असा कोरडा आवाज निघतो. बीटबॉक्सिंग करणारी पोरं ओठांनी ढोल वाजवतात, तो बऱ्याचदा इजेक्टिव्ह ‘प’च असतो.

एव्हरेटने 567 भाषा तपासल्या, त्यातल्या 92 भाषांत हे ध्वनी आहेत. नकाशावर कुठे दिसतात? अँडीजमध्ये केचुआ आणि आयमारा, अमेरिकेच्या पश्चिमेकडे नाव्हाहो, इथिओपियाच्या पठारावर अम्हारिक, कॉकेशसमध्ये जॉर्जियन आणि चेचेन. हवा विरळ असली की ती दाबायला जोर कमी लागतो. शिवाय फुफ्फुसांतली दमट हवा बाहेर जात नाही, म्हणजे कोरड्या उंचीवर ओलावाही वाचतो. सगळंच योगायोग म्हणायचं का?

दाबमापक

जोर कमी लागतो हे मान्य, पण हिशोब अर्धाच मांडलाय. कोंडलेल्या हवेचं आकारमान एक दशांशाने कमी केलं की दाब सुमारे 11 टक्क्यांनी वाढतो, मुंबईतही आणि लेहलाही. समुद्रसपाटीवर त्यातून साधारण 112 मिलीबार जादा दाब मिळतो. 2500 मीटरवर हवेचा दाबच 750 मिलीबारच्या आसपास, म्हणजे तिथे मिळणार 83. मेहनत कमी, तसा टक्काही कमी. तोच ठसका हवा असेल तर वर जाऊन स्वरयंत्र जास्त उचलावं लागेल. भौतिकशास्त्राच्या नावावर यातलं काहीही खपवू नका.

अनुस्वार

‘उंच प्रदेशांच्या आसपास’ यातल्या ‘आसपास’वर माझा आक्षेप आहे. एव्हरेटची मर्यादा 500 किलोमीटरची आहे. सरळ रेषेत मुंबई ते पणजीसुद्धा तेवढं अंतर नाही! अलास्काच्या किनाऱ्यावर मासेमारी करणारे ट्लिंगिट लोक अशाने पहाडी ठरतात, कारण मागे डोंगर उभे आहेत. त्यांच्या फुफ्फुसात हवा समुद्रावरचीच जाते ना?

माझा भाचा तिबिलिसीला एमबीबीएस करतोय. त्याच्याकडून कळतं की काळ्या समुद्राकाठच्या बातुमीतही लोक तेच टक्क-टक्क जॉर्जियन बोलतात. बातुमीत कसली आलीय विरळ हवा? आणि नायजेरियाच्या हौसा भाषेतही इजेक्टिव्ह आहेत, त्यांचं कानो शहर जेमतेम 500 मीटरवर.

अवांतर: भाच्याच्या ‘क’ला अजून दुकानदार हसतात.

घाटमाथा

अपवाद दाखवून कल खोटा ठरत नाही. सिगारेट न ओढणाऱ्यालाही कर्करोग होतोच की. प्रत्येक भाषेला डोंगर लागतो असं कोणी म्हटलेलंच नाही, शक्यता वाढते एवढंच म्हणणं आहे.

सौ. शंकेखोर

घाटमाथा साहेब, मग सगळ्यात मोठ्या डोंगराचं काय? हिमालय आणि तिबेटच्या पठारावर इजेक्टिव्ह नाहीत. हा काही किरकोळ अपवाद नव्हे.

घाटमाथा

ताई, तिबेटी लोकांचं शरीर उंचीशी वेगळ्या पद्धतीने जुळलेलं आहे. अँडीजमधल्या लोकांपेक्षा त्यांचा श्वासोच्छ्वास जास्त चालतो. कारण तिथे असू शकेल.

सौ. शंकेखोर

इथिओपियाच्या पठारावरचे लोक तर या दोघांपेक्षाही वेगळे जुळलेत, तरी तिथे इजेक्टिव्ह आहेत. शरीराचं कारण फक्त नापास झालेल्या विद्यार्थ्यालाच का?

शिणावाला

या वादात एक जोडी फार बोलकी आहे. ओसेटिक आणि वाखी या दोन्ही पूर्व इराणी भाषा, फारसीच्या नात्यातल्या, म्हणजे दूरवर आपल्या मराठीच्याही. ओसेटिक कॉकेशसमध्ये गेली आणि तिच्यात इजेक्टिव्ह आले. वाखी पामीरमध्ये गेली. वाखान खोऱ्यातली गावं 3000 मीटरच्या आसपास आहेत, तरी वाखीत इजेक्टिव्ह नाहीत. तिच्यात आले ते आपल्या ‘ट’, ‘ड’सारखे मूर्धन्य ध्वनी. ओसेटिकच्या शेजारी जॉर्जियन आणि इतर कॉकेशी भाषा होत्या, वाखीच्या परिसरातल्या भाषा मूर्धन्यांच्या. द्रास आणि गिलगिटकडच्या शिणा भाषेचंही तेच. ती तर थेट भारतीय-आर्य कुळातली आणि द्रास 3000 मीटरच्याही वर. इजेक्टिव्ह शून्य, मूर्धन्य मात्र शेजारच्या बुरुशास्कीसारखे भरपूर. डोंगर तिन्हींना मिळाला. ध्वनी ज्याने त्याने शेजारणीकडून उचलले.

केचुआतही हेच बघा. पेरूतल्या कुस्कोच्या केचुआत इजेक्टिव्ह आहेत, तिथे आयमाराशी जुना घरोबा. 2750 मीटरवरच्या आयाकुचोच्या केचुआत नाहीत. 2850 मीटरवरच्या कीतोकडच्या किचवातही (इक्वाडोरमधली केचुआच) नाहीत.

दाबमापक

+1. शिवाय 92 भाषा म्हणजे 92 स्वतंत्र पुरावे नव्हेत. माया कुळातल्या भाषांना हे ध्वनी एकाच पूर्वज भाषेकडून मिळालेत. ग्वाटेमालाच्या डोंगरातल्या मोजायच्या आणि युकातानच्या सपाटीवरच्या युकातेककडे काणाडोळा करायचा, हे कसं चालेल?

घाटमाथा

शिणावाला, उदाहरण जबरदस्त आहे, पण त्याने माझा प्रश्न एक पायरी मागे जातो इतकंच. ओसेटिकने शेजाऱ्यांकडून घेतले, ठीक. शेजाऱ्यांकडे कुठून आले? उसनवारीने प्रसार समजतो, उगम समजत नाही.

शिणावाला

उगमाला तरी डोंगर कशाला हवा? ‘क’ला लागून स्वरतंतू मिटले आणि दोन्ही एकत्र सुटले, की झाला इजेक्टिव्ह. ब्रिटिश लोकांच्या इंग्रजीत वाक्याच्या शेवटी येणारा ‘बॅक’ नीट ऐका, कित्येकदा तो ‘क’ इजेक्टिव्ह असतो. ग्लासगोमध्ये तर हमखास सापडेल, आणि ते बंदर आहे.

घाटमाथा

तिथे त्याने अर्थ बदलत नाही. जॉर्जियनमध्ये बदलतो. सवय आणि स्वतंत्र वर्ण यात फरक आहे, आणि सवयीचा वर्ण कुठे होतो हाच माझा प्रश्न आहे.

सौ. शंकेखोर

तिबेटात का होत नाही, त्याचं उत्तर अजून बाकी आहे हो.