स्विफ्ट डिझेलचा वॉटर पंप गळतोय : नवा घ्यावा की जुनाच भरून घ्यावा? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

गाडी २०१३ ची डिझेल स्विफ्ट, १.३ लिटरचं इंजिन. कुलंटच्या बाटलीतली पातळी हळूहळू खाली जायला लागली आहे. सुरुवातीला वरून भरून चालवलं, पण आता रात्री गाडी लावली की सकाळी फरशीवर ओला डाग दिसतो आणि बॉनेट उघडल्यावर गोडसर वास येतो. परवा साखरप्याकडून आंबा घाट चढताना एसी आपोआप बंद पडला आणि इंजिन तापल्याचा इशारा लागला. गाडी कडेला घेतली, पूर्ण गार होऊ दिली, मगच बाटलीचं टोपण उघडलं. तळाला जेमतेम कुलंट उरलं होतं. भरून सावकाश मलकापूरपर्यंत आणली आणि तिथून घरी.

घरी आल्यावर बेल्टच्या बाजूला टॉर्च मारून नीट बघितलं. पंपाच्या पुलीमागे अंगाला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की गळती तिथून बाहेर यावी, बेअरिंगमध्ये शिरू नये, म्हणूनच ते ठेवलेलं असतं. त्या भोकाखाली कुलंट सुकून हिरवट-पांढरी खपली धरली आहे, आणि ओघळ खालच्या ब्रॅकेटपर्यंत गेलाय. नंतर फिटरनं बेल्ट काढून पुली हातानं हलवून दाखवली. किंचित खेळ आहे आणि फिरवताना बोटांना खरखर लागते. डिपस्टिकवर दुधाळपणा नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, बाटलीत बुडबुडे येत नाहीत. त्यामुळं हेड गॅस्केटचा (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या पॅकिंगचा) संशय मी तरी बाजूला ठेवलाय.

आता खरी अडचण अशी की तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या.

उद्यमनगरातला नेहमीचा फिटर म्हणतो, नवा पंप टाका, सोबत बेल्टही बदला.

तिथलाच एक जुना लेथवाला म्हणतो, बॉडी चांगली आहे, फक्त बेअरिंग आणि सील आणून द्या, प्रेसवर भरून देतो. त्याचा हात चांगला आहे हे मी स्वतः पाहिलंय. आमच्या ट्रॅक्टरचा पंप त्यानंच भरला होता आणि तो आजही थेंबभर गळत नाही. उद्यमनगरातली ही कारागिरी टिकावी असं मनापासून वाटतं, म्हणून त्याला सरळ नाही म्हणायला जड जातंय.

तिसऱ्यानं तर ऐकवलं, "थर्मोस्टॅट काढून टाका, साधं पाणी घाला, काय हुईत न्हाई." थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कुलंटला रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप. हे मला अजिबात पटलेलं नाही. आमच्याकडं बोअरचं पाणी इतकं जड आहे की गिझरची कॉईल खडूसारखी पांढरी होते. तेच पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत गेल्यावर काय होईल ते सांगायला नको.

तर माझे प्रश्न :

या इंजिनाचा पंप भरून घेतला तर टिकतो का, की नवाच घ्यावा? टायमिंगला (इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडायला) चेन आहे आणि पंप बाहेरच्या बेल्टवर फिरतो, म्हणजे चेनला हात लावायची गरज नाही, हे बरोबर ना? पंपाबरोबर आणखी काय बदलून घ्यावं? आणि काम झाल्यावर कुलंटमध्ये अडकलेली हवा नीट निघाली हे कसं ओळखायचं?

आजी साखरप्याजवळ एकटी असते. तिच्यासाठी कधीही घाट उतरावा लागतो, म्हणून गाडी भरवशाची हवीच आहे.

प्रतिसाद १

चेनबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर. पंप टायमिंग बेल्टवर फिरणारी इंजिनं वेगळी, तिथं पंप आणि बेल्ट एकदमच बदलतात. तुमच्याकडं बाहेरचा बेल्ट उतरवला की पंपापर्यंत पोचता येतं.

भरून घेण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे : ट्रॅक्टरला चालतं, इथं नको. इंपेलर (कुलंट ढकलणारं आतलं पातं) आणि कव्हर यांच्यातली फट आणि पुलीच्या हबची (पुली ज्यावर बसते त्या भागाची) उंची, दोन्ही प्रेस करताना तंतोतंत यावी लागतात. हब जरा पुढंमागं झाला तरी बेल्ट तिरका पळतो आणि कडेनं कुरतडतो. शिवाय उद्या पंप जाम झाला तर बेल्ट तुटेल, अल्टरनेटर थांबेल, आणि स्विफ्टचं स्टिअरिंग विजेवर चालतं. घाटात हे परवडणारं नाही. नवा पंप चांगल्या कंपनीचा, पक्क्या बिलावर घ्या. दुकानातच पुली फिरवून बघा.

बेल्ट कुलंटनं भिजलाय, तेव्हा तो बदलाच. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) फिरवून बघा, आवाज करत असेल तर तोही. थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून उघडतो का ते तपासता येतं, पण एवढं खोललंच आहे तर मी नवा टाकेन. काढून मात्र कधीच टाकू नका. इंजिन गरमच होत नाही, डिझेल जास्त जातं, झीज वाढते.

जुनं गॅस्केट खरवडताना स्क्रू ड्रायव्हर लावू देऊ नका, अॅल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथूनच पुन्हा गळतं. प्लॅस्टिकची पट्टी वापरायला सांगा. बोल्ट आलटून पालटून समोरासमोरचे आवळायचे, तेही टॉर्क रेंचनं.

कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. जुन्या कुलंटमध्ये दुसऱ्या प्रकारचं मिसळू नका, आधी सगळं धुऊन काढा. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि धार बारीक ठेवा. इंजिन चालू ठेवून रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत थांबा. वरची होज आणि हीटरची हवा दोन्ही गरम आली पाहिजेत. हीटरमधून मधेच गार हवा आली तर आत हवा अडकलीय असं समजा. मग गाडी पूर्ण गार करून पातळी पुन्हा भरा.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. फक्त पंप बदलण्याआधी प्रेशर टेस्ट (कुलंटच्या वाटेत हातपंपानं दाब भरून बघणं) करून घ्या, म्हणजे दुसरीकडंही कुठं गळतंय का ते कळेल. पुढच्या सीटखालचा गालिचा हात लावून बघा, ओला असेल तर हीटरचा कोअर (आतली हवा गरम करणारा छोटा रेडिएटर) गळत असू शकतो. बाटलीचं टोपणही तपासा. साधारण १ बारचा दाब धरला तर पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं, टोपण ढिलं असेल तर बरंच आधी. घाटात तोच फरक जाणवतो.

मूळ लेखक

दोघांचेही मनापासून आभार. हबच्या उंचीचा मुद्दा आमच्याकडं कुणीच काढला नव्हता. लेथवाल्या काकांना तो सांगितला, तर त्यांनीही मान्य केलं की या गाडीचा हब बसवायची गेज त्यांच्याकडं नाही. नवा पंप, बेल्ट आणि थर्मोस्टॅट घेतोय. गालिचा कोरडा आहे.

काम होईपर्यंत गाडी घाटात नेणार नाही, आजीकडं जायचं झालं तर एसटीनं जाईन. आता एवढंच सांगा : उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावकडं हातपंपाचा प्रेशर टेस्टर असलेलं गॅरेज कुणाला माहीत आहे का? आमच्या फिटरकडं तो नाही, आणि पंप खोलायच्या आधी ती टेस्ट करून घ्यायची आहे.