गावठाणातलं घर पर्यटकांना भाड्यानं द्यायचं आहे, परवाना नेमका कोणता?

कवेलू_छप्पर (भद्रावती तालुका)

नमस्कार मंडळी. मोहर्लीच्या अलीकडच्या गावात आमचं जुनं कवेलूचं घर आहे, गावठाणातच. पाच खोल्या आहेत. आई तिथंच राहते, तिच्या नावावर ग्रामपंचायतीत नोंद आहे. त्यातल्या तीन खोल्या ताडोब्याला येणाऱ्या लोकांना राहायला द्यायचा विचार करून राहिलो आहे. जेवण घरचंच, झुणका-भाकर, वांग्याची भाजी, सकाळी पोहे. गावापासून एक किलोमीटरवर दोन एकर शेत आहे, तिथं पुढे दोन कॉटेज बांधता येतील का तेही पाहायचं आहे.

गावात कोणी म्हणते हॉटेलचं लायसन लागते, कोणी म्हणते एनए (जमीन बिगरशेती) केल्याशिवाय हात लावू नका, कोणी म्हणते वन विभाग बंद पाडेल. सेतू केंद्रात विचारलं तर तिथंही नीट सांगता आलं नाही. सुरुवात कुठून करायची? कागद कोणते? अ‍ॅपवर घर टाकलं तर जीएसटी लागतो का? जाणकारांनी क्रमानं सांगावं, ही विनंती.

---

फेरफार_७१२

भाऊ, एक गोष्ट आधी डोक्यातून काढा: तुमच्या घराला हॉटेलचं लायसन नको. तुम्हाला लागते ती पर्यटन संचालनालयाकडची नोंदणी, 'निवास व न्याहारी' किंवा होम स्टे म्हणून. चंद्रपूर जिल्ह्यासाठी नागपूरचं प्रादेशिक कार्यालय आहे. अमरावती, यवतमाळ, अकोला, वाशीम, बुलढाणा इथल्या लोकांनी अमरावतीला जायचं. पण हा अर्ज सगळ्यात शेवटी करायचा. बहुतेक प्रकरणं पर्यटन खात्यात अडकत नाहीत, मालकीच्या कागदावर अडकतात.

घर गावठाणात असेल तर एनएचा प्रश्नच येत नाही. गावठाणाच्या जागेला सातबारा नसतो. तिथं चालतो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणीचा उतारा. याची गाव नमुना ८-अ सोबत गल्लत करू नका. ८-अ हा शेतजमिनीच्या खात्याचा उतारा आहे, तो ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे तलाठी) मिळतो. नमुना ८ ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) मिळतो. लोक एकाच्या जागी दुसरा जोडतात आणि अर्ज परत येतो.

नमुना ८ हातात आला की तीन गोष्टी तपासा. नाव आईचंच आहे का, की अजून आजोबांचं चालू आहे? आजोबांचं असेल तर आधी वारस नोंद. दुसरं, क्षेत्रफळ आणि खोल्या प्रत्यक्षाशी जुळतात का? मागच्या बाजूला नंतर बांधलेलं न्हाणीघर किंवा पडवी बहुधा नोंदलेली नसते. ती नोंदवा, कर थोडा वाढेल, पण पर्यटन खात्याच्या पाहणीच्या वेळी प्रश्न येणार नाही. तिसरं, थकबाकी शून्य पाहिजे. घरपट्टी-पाणीपट्टीची चालू वर्षाची पावती सोबत लागतेच.

स्वामित्व योजनेत तुमच्या गावाची ड्रोन मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढून घ्या. मालकीचा पुरावा म्हणून ते नमुना ८ पेक्षा मजबूत आहे. नमुना ८ हा मुळात कराचा कागद, बँक त्याच्यावर सहसा समाधान मानत नाही.

मग ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला. अर्जात 'राहत्या घरातील तीन खोल्या पर्यटकांच्या निवासासाठी' असं स्पष्ट लिहा. 'रिसॉर्ट', 'लॉज', 'हॉटेल' हे शब्द कुठंच वापरू नका, कारण पुढं वन विभाग, महावितरण आणि कर आकारणी, तिन्हीकडे त्या एका शब्दावरून तुमचं घर व्यावसायिक धरलं जाते. घराच्या पाटीवरही नाही.

बाकीचे कागद: आईचं आधार आणि पॅन, वीज बिल, घराचा साधा नकाशा (खोल्यांची लांबी-रुंदी लिहून), खोल्या-संडास-स्वयंपाकघर-दर्शनी बाजूचे फोटो, पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला. चारित्र्य दाखल्याचा अर्ज ऑनलाइन होतो, पण फाइल ठाण्यातून पुढं सरकायला वेळ लागतो, म्हणून तो पहिल्याच दिवशी टाकून द्या. घर सामाईक असेल तर बाकी हिस्सेदारांचं संमतीपत्र. भावाबहिणींची तोंडी हो असून चालत नाही.

---

मोहफूल

वरचं सगळं बरोबर. वन विभागाचं मी सांगतो, कारण त्याबद्दल गावागावांत फार भीती पसरवलेली आहे.

बफर (व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याभोवतीचा पट्टा) आणि इको-सेन्सिटिव्ह झोन (संरक्षित जंगलाभोवतीचा पर्यावरण-संवेदनशील पट्टा) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बफर हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खालचा, झोन हा पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ खालचा. ताडोबा-अंधारीच्या झोनची अधिसूचना सप्टेंबर २०१९ ची आहे. अशा अधिसूचनांमध्ये संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून १ किलोमीटरपर्यंत किंवा झोनच्या हद्दीपर्यंत, जे जवळ असेल तिथवर, नवीन व्यावसायिक हॉटेल आणि रिसॉर्टला मनाई असते. पर्यावरण पर्यटनासाठीची लहान तात्पुरती बांधकामं त्यातून वगळलेली असतात. स्थानिकांना स्वतःच्या राहण्यासाठी नियमात राहून बांधता येते, आणि पर्यटनाला पूरक स्थानिक सोयींत होम स्टेचाही उल्लेख असतो. म्हणजे गावातल्या राहत्या घराच्या खोल्या देणे हा अडवण्याचा विषय नाहीच. अडचण येते ती नवीन बांधकामाला, आणि बाहेरच्यानं जमीन घेऊन 'होम स्टे'च्या नावाखाली दहा खोल्या उभारल्या तर.

तरीही दोन कामं करा. गावच्या परिस्थितिकीय विकास समितीला लेखी कळवा आणि पोच घ्या. बफरमधल्या गावांत डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेची कामं याच समितीतून होतात, त्यामुळे ती तुमच्या बाजूनं असणं महत्त्वाचं. आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात एक प्रत द्या.

चालवताना लोक फसतात ते प्रकाश, आवाज आणि शेकोटीवर. अंगणात मोठे फोकस लावू नका. झोनमध्ये रात्रीच्या वाहनांवर आणि हॉटेल-लॉजच्या कुंपणावरही नियंत्रण आहे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ, या काळात पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी शेतात किंवा जंगलालगत शेकोटी नाही. मोहफुलं वेचण्याच्या दिवसांत तर ठिणगी पुरते.

हंगामाचं गणितही आताच मांडा. कोअर (गाभ्याचं जंगल) १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, आणि मंगळवारी आठवडी सुट्टी. पावसाळ्यात बफरच्या काही गेट चालू राहतात, पण गर्दी उतरते. उलट एप्रिल-मे मध्ये वाघ पाणवठ्यावर दिसतो म्हणून लोक ४५ अंशांतही येतात. म्हणजे तुमच्या खोल्या सगळ्यात जास्त भरणार त्या सगळ्यात जास्त तापलेल्या महिन्यांत. कवेलूखाली बांबूची ताटी किंवा लाकडी छत नसेल तर दुपारी सफारीहून आलेला माणूस त्या खोलीत झोपू शकत नाही. खोलीगणिक एक कूलर, आणि कूलरला लागणारं पाणी टाकीच्या हिशोबात धरा.

---

जमाखर्च_वरोरा

पैशाच्या बाजूचं.

जीएसटी: सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची गरज नाही. तीन खोल्यांत तुम्ही तिथवर जाणार नाही. अ‍ॅपवरून बुकिंग आलं तर नोंदणी नसलेल्या घरमालकाच्या वतीनं कर भरण्याची जबाबदारी अ‍ॅप कंपनीवर आहे, जीएसटी कायद्याच्या कलम ९(५) प्रमाणे. दर रात्रीच्या ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के. हा कर पाहुण्याच्या बिलात वर चढतो, तेव्हा अ‍ॅपवरचा दर आणि फोनवर सांगायचा दर दोन्ही आधी मांडून ठेवा. अ‍ॅपवर पॅन अवश्य भरा. पॅन असलेल्या व्यक्तीची त्या अ‍ॅपवरची वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल तर टीडीएस (आयकराची आगाऊ कपात) कापला जात नाही. पॅन नसेल तर ५ टक्के कापतात.

जेवण देणार म्हणजे एफएसएसएआय (अन्न सुरक्षा) नोंदणी लागेल. १२ लाखांच्या आतल्या उलाढालीला मूळ नोंदणी पुरते, फी वर्षाला १०० रुपये, ऑनलाइन होते. एजंट याचे हजार-दीड हजार घेतात, देऊ नका. उद्यम (लघुउद्योग) नोंदणी फुकट. दुकाने व आस्थापना कायद्याखाली वीसपेक्षा कमी कामगार असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची, तीही विनाशुल्क.

गॅस: घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर पाहुण्यांच्या पैशाच्या स्वयंपाकाला वापरायला परवानगी नाही. १९ किलोचं व्यावसायिक घ्या. चुलीवर करत असाल तरी एक ठेवा.

वीज: नोंदणी प्रमाणपत्र मिळालं की महावितरणच्या उपविभागात अर्ज देऊन कोणता दर लागू राहील ते लेखी घ्या. शेतातल्या पंपाच्या जोडणीवरून खोलीला दिवा-पंखा ओढला तर ते वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरते, आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. शेतात कॉटेजचं मनात आहे म्हणून मुद्दाम सांगतो.

आणि घर आईच्या नावावर आहे हे चांगलं आहे. राज्याचं २०२३ चं 'आई' पर्यटन धोरण महिलांच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायासाठी आहे. त्यात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर १२ टक्क्यांच्या मर्यादेत व्याज परत मिळते, सात वर्षं किंवा साडेचार लाख रुपये, जे आधी होईल तिथवर. त्याला पर्यटन संचालनालयाची नोंदणी लागते आणि चालवण्यात निम्म्या महिला लागतात. म्हणून नोंदणी तुमच्या नावावर करू नका, आईच्याच नावावर करा, आणि खातंही तिचंच लावा. नंतर बदलत बसलात तर हप्ते भरूनही परतावा अडकतो.

---

कवेलू_छप्पर

फार आभार जी सगळ्यांचे. नमुना ८ आणि ८-अ मध्ये माझीच गल्लत होत होती. आता शेताचं सांगा. दोन एकर, वर्ग १ (पूर्ण मालकीची) आहे असं वाटते. आणि केंद्राची पण काही योजना आहे म्हणतात?

---

फेरफार_७१२

'वाटते' चालणार नाही, सातबाऱ्यावर वरच भूधारणा पद्धती लिहिलेली असते, ती वाचा. वर्ग २ (सरकारी अटींवर दिलेली) असेल तर वापर बदलायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी लागेल.

तुमचं शेत गावापासून एक किलोमीटरवर. जमीन महसूल संहितेचं कलम ४२-ड गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला निवासी वापरासाठी सोय देते, ती तुम्हाला मिळणार नाही. तुमच्यासाठी रस्ता कृषी पर्यटनाचा. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० चं, शेतकऱ्याला किमान एक एकर लागते, नोंदणी फी २५०० रुपये आणि पाच वर्षांनी नूतनीकरणाला १०००. नोंदणी त्याच नागपूर कार्यालयात. पण तिथं शेती खरंच चालू दिसली पाहिजे. नुसत्या दोन कॉटेज आणि पडीक रान दाखवून ती मिळवू नये, मिळालीच तर टिकत नाही. शिवाय झोनमधलं नवीन बांधकाम असल्यानं मोहफूल भाऊंनी सांगितलेली १ किलोमीटरची मोजणी इथं लागू होते. म्हणून आधी घर, शेत दोन हंगाम नंतर.

केंद्राच्या निवास व न्याहारी योजनेत १ ते ६ खोल्या, जास्तीत जास्त १२ खाटा, मालक तिथंच राहणारा पाहिजे, आणि सिल्व्हर-गोल्ड असे दोन वर्ग. विदेशी पाहुणे हवे असतील तर उपयोगी. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या 'निधी' (NIDHI) पोर्टलवर नोंद मात्र आताच करून ठेवा. विदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याचा तपशील विदेशी नोंदणी पोर्टलवर भरावा लागतो, लोक ज्याला फॉर्म सी म्हणतात तो. विसरलं तर गुन्हा आहे, 'गावात रेंज नव्हती' हे कारण चालत नाही. देशी पाहुण्यांसाठी बांधीव नोंदवही: नाव, पत्ता, ओळखपत्राचा प्रकार, गाडी नंबर, आल्या-गेल्याची वेळ, सही.

---

खापर्डी (मेळघाट)

धारणी-चिखलदऱ्याकडचे कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी. इकडे अनुसूचित क्षेत्र आहे. आदिवासींची जमीन बिगर आदिवासीला विकणे सोडाच, भाडेपट्ट्यानं देणंही जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय होत नाही. शहरातले लोक कोरकू घरमालकाशी साध्या कागदावर करार करून घर चालवायला घेतात, तो करार टिकत नाही आणि नुकसान घरमालकाचं होते. मालकानं स्वतःच्या नावानं नोंदणी करावी, बाहेरच्यानं फक्त बुकिंग पाहावं. ग्रामसभेचा ठराव घ्या. आणि आमचा हंगाम ताडोब्याच्या उलटा, चिखलदऱ्याला गर्दी पावसाळ्यात.

---

गवंडी_काळीमाती

पाहणीला येतात तेव्हा खोलीपेक्षा आधी संडास पाहतात, आणि विदर्भात चूक तिथंच होते. काळी भारी माती पाणी पीत नाही. एका घराला पुरणारा शोषखड्डा सहा पाहुणे वाढले की जुलैत वर येतो. सेप्टिक टँक दोन कप्प्यांची करा, शोषखड्डा मुरमापर्यंत खोल न्या, मुरूम लागत नसेल तर खड्ड्याऐवजी लांब चर काढून त्यात गिट्टी भरा. विहिरीपासून किंवा बोअरपासून ६० फूट तरी दूर, आणि उताराच्या खालच्या अंगाला. न्हाणीघराचं पाणी टँकमध्ये सोडू नका, ते वेगळं काढून केळीच्या आळ्याला द्या.

छपराचं: मोहर्ली पट्ट्यात वानरं कवेलू सरकवतात. वरून पत्रा टाकू नका, खोली भट्टी होते आणि पाहुण्यांना जे घर पाहिजे तेच जाते. कवेलूच्या खाली जाळी मारून घ्या आणि शंभर-दीडशे जादा कवेलू घरी ठेवा, आता सहज मिळत नाहीत. रानाच्या बाजूच्या खिडक्यांना बारीक जाळी, दाराखाली फट नको, सापा-विंचवाचा भाग आहे. मुख्य फळीवर आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा, कूलरची बॉडी अर्थिंगला जोडा, जुन्या घरात अर्थिंग बहुधा नसतेच. अग्निशामक एबीसी पावडरचा, ४ किलोचा एक स्वयंपाकघराजवळ, एक खोल्यांच्या बाजूला, त्याच्यावरची तारीख चालू पाहिजे.

---

कवेलू_छप्पर

सोमवारी ग्रामपंचायतीत नमुना ८ चा आणि ऑनलाइन पोलिसांच्या चारित्र्य दाखल्याचा असे दोन्ही अर्ज टाकतो. गावठाणाच्या हद्दीचा नकाशा पण लागेल काय?

---

फेरफार_७१२

हो, घर कडेला असेल तर नक्कीच. भद्रावतीच्या भूमी अभिलेख कार्यालयात 'गावठाण हद्दीचा नकाशा, नक्कल' असं लिहून मागा. 'मोजणी' लिहिलं तर ते मोजणीची फी भरायला लावतील आणि तारीख पुढची देतील.