मदत हवी आहे: नोंद न केलेली अटक न्यायालयात सिद्ध कशी करावी?

आम्ही कळव्याला राहतो. माझ्या धाकट्या भावाला चोरीच्या एका प्रकरणात 'फक्त चौकशी' म्हणून पोलीस ठाण्यात बोलावले आणि दुसऱ्या दिवशी रात्री उशिरा सोडले. मधल्या काळात ना अटक पंचनामा (अटकेची वेळ व साक्षीदार नोंदवणारा कागद) झाला, ना आम्हाला कळवले, ना त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नेले. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ नुसार प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत हजर करणे बंधनकारक आहे आणि डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली अटक पंचनामा व नातेवाइकांना सूचना सक्तीची केली. परंतु अटक कागदावरच नसेल, तर ती सिद्ध कशाने करायची? परमवीर सिंग सैनी प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानुसार पोलीस ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवावे लागते. ते पुसले जाऊ नये म्हणून आत्ताच लेखी मागणी कोणाकडे करावी? नुकसानभरपाईसाठी मुंबई उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका (हक्कभंगाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात केलेला अर्ज) करण्याआधी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जावे लागते का? भाऊ अजून इतका धास्तावलेला आहे की कामावर जायलाही तयार नाही, आणि हे आम्हाला मुकाट्याने सोडून द्यायचे नाही. ठाणे न्यायालयात अशी प्रकरणे चालवलेल्या वकिलांनी किंवा यातून गेलेल्या कुटुंबांनी कृपया मार्गदर्शन करावे.