मदत हवी आहे: सिव्हिल थ्रीडीत पॉइंट गायब, टीबीएमच्या जागी झाड!

घाटरस्ता_सातारा
साडेसहा किलोमीटर रस्त्याचा सर्व्हे आहे, सिव्हिल थ्रीडी या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतलाय. सकाळपर्यंत सगळे पॉइंट होते, आता पहिले चार किलोमीटर रिकामे दिसतायत. पॉइंट नंबर १ म्हणजे माझा टीबीएम (उंची मोजायचा तात्पुरता संदर्भ बिंदू), मोरीच्या कठड्यावर लाल रंगाने मारलेला. त्याचं वर्णन आता 'झाड' दाखवतंय आणि जागाही भलतीकडेच. उद्या क्रॉस सेक्शन (रस्त्याचे आडवे छेद) द्यायचे आहेत. लवकर सांगा कोणीतरी.

लेव्हलबुक
नॉर्दिंग-ईस्टिंग (उत्तरेकडचं आणि पूर्वेकडचं अंतर, मीटरमध्ये) उलटं गेलं असणार. आपल्याकडे यूटीएम नकाशापद्धतीच्या झोन ४३ मध्ये नॉर्दिंग एकोणीस-वीस लाखांच्या घरात असतं, ईस्टिंग सहा आकडी. फॉरमॅट पीएनईझेडडी (नंबर, नॉर्दिंग, ईस्टिंग, उंची, वर्णन) घेतला की पीईएनझेडडी (ईस्टिंग आधी), ते बघा.

घाटरस्ता_सातारा
फॉरमॅट बरोबर आहे हो. उरलेले अडीच किलोमीटर जागेवरच आहेत.

प्रणाली_के
फाइल एकच होती की रोजची वेगळी? ड्रॉइंगमध्ये आत्ता एकूण पॉइंट किती आहेत?

घाटरस्ता_सातारा
रोजची वेगळी. ६४०, ५१२ आणि ७०३. आत्ता ७०३ दिसतायत.

प्रणाली_के
मग तिसऱ्या फाइलने पहिल्या दोन्ही खाल्ल्या. टोटल स्टेशनवर (सर्व्हेच्या यंत्रावर) रोज नवा जॉब उघडला की नंबर पुन्हा १ पासून. ड्रॉइंगमध्ये एका नंबरचा एकच पॉइंट राहतो. डुप्लिकेटची खिडकी आली तेव्हा काय निवडलंत?

घाटरस्ता_सातारा
ओव्हरराइट. आणि खाली 'सगळ्यांना लागू' वर टिक. प्रत्येक पॉइंटला तीच खिडकी येत होती, कंटाळलो होतो.

डोंगरमाप्या
म्हणून मी नंबर एक्सेलमध्येच बदलून घेतो. एक कॉलम, अधिक १०००, संपलं. दोन मिनिटांचं काम.

प्रणाली_के
दादा, एक्सेलला हात नको. सेलला दोनच दशांश ठेवलेले असतील तर सीएसव्ही सेव्ह करताना तिसरा उडतो. मिलिमीटर गेले की लेव्हलमध्ये काय उरलं?

डोंगरमाप्या
तीन दशांश लावून घ्यायचे मग! इतकी वर्षं करतोय, कधी अडलं नाही.

लेव्हलबुक
आम्ही ऑटो लेव्हल आणि फील्डबुकवर कॅनॉल काढले. रीडिंग चुकलं तरी खोडायचं नाही, एक रेघ मारून शेजारी नवं लिहायचं. जुना आकडा वाचता यायलाच हवा.

रोव्हरवाला
डीजीपीएस (उपग्रहावरून जागा मोजणारं यंत्र, हातातला भाग म्हणजे रोव्हर) घ्या, टोटल स्टेशनचे दिवस गेले.

प्रणाली_के
नंबर १ पासून सुरू करायला रोव्हरलाही कोणी अडवत नाही. घाटरस्ता, मूळ फाइली आहेत ना? आणि पॉइंट सर्व्हे डेटाबेसमधून घेतले होते का? तसे असतील तर ते लॉक असतात.

घाटरस्ता_सातारा
नाही, सरळ सीएसव्ही. तिन्ही पेनड्राइव्हवर आहेत.

प्रणाली_के
मग काही गेलेलं नाही. नवीन ड्रॉइंग उघडा. पहिली फाइल आणताना तिथेच तिचा पॉइंट ग्रुप करा. ग्रुपचे पॉइंट निवडून राइट क्लिक, रिनंबर, नंबरात मिळवायला १००० द्या. मगच दुसरी आणा, तिला २०००. तिसरीला ३०००. डुप्लिकेटची खिडकी येणारच नाही.

डोंगरमाप्या
त्या खिडकीतही ऑफसेट (नंबरात ठरावीक आकडा मिळवायचा पर्याय) आहे की. एवढा फेरा कशाला?

प्रणाली_के
तो फक्त भिडलेल्या नंबरांना लागतो. तिसऱ्या फाइलचे ६४१ ते ७०३ कोणाशीच भिडत नाहीत, ते तसेच राहतील. एकाच दिवसाचे पॉइंट दोन मालिकांत गेले की मग शोधत बसा.

डोंगरमाप्या
हे मात्र खरं.

घाटरस्ता_सातारा
ताई, झालं! १,८५५ पॉइंट, साडेसहा किलोमीटर पूर्ण. टीबीएम रोज सकाळी घेतला होता, आता तिन्ही शेजारी दिसतायत: ५८३.२१५, ५८३.२१९, ५८३.२१२. सरफेसमध्ये (पॉइंटांवरून बनणाऱ्या जमिनीच्या मॉडेलमध्ये) तिन्ही ठेवू का?

लेव्हलबुक
सात मिलिमीटरचा फरक. मातीकामाला चालेल.

प्रणाली_के
सरफेसमध्ये एकही नको. टीबीएम कठड्यावर आहे, जमिनीवर नाही. त्यांचा वेगळा ग्रुप करून सरफेसच्या ग्रुपमधून वगळा. नाहीतर मोरीपाशी कंटूरला (समान उंचीच्या रेषांना) टेंगूळ येईल.

घाटरस्ता_सातारा
आलंच होतं, आत्ता बघितलं. काढलं. सेक्शनला बसतो.