शब्दचर्चा: अंगावर पाजणं, पाठ आणि 'नैसर्गिक'

प्रश्न

वसईतल्या आमच्या कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) लग्न ठरलेल्या जोडप्यांसाठी शिबिर असतं. त्यासाठीचं एक चारपानी पत्रक मराठीत करायचं काम माझ्याकडे आलंय. विषय आहे बाळाला अंगावर पाजल्यामुळे दोन मुलांत आपोआप पडणारं अंतर. मी मथळ्यात 'नैसर्गिक कुटुंबनियोजन' लिहिलं, तर फादरांनी 'कुटुंबनियोजन' या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढून पत्रक परत पाठवलं. 'पाळणा लांबवणे' चालेल का? आणि 'स्तनपान' हा शब्द आमच्या घरात मी कुणाच्याच तोंडून ऐकलेला नाही. आजीच्या पिढीतल्या बायका यासाठी काय म्हणायच्या?

उत्तर

पोरी, फादरांचा गोल बरोबर जागी पडलाय. मी परिचारिका म्हणून उभा जन्म बाळंतिणींत काढला. 'कुटुंबनियोजन' म्हटलं की आपल्याकडे बाईच्या डोळ्यांपुढे ऑपरेशन नाहीतर तांबी येते. 'पाळणा लांबवा' हे तर सरकारी दवाखान्याच्या भिंतीवरचं वाक्य, तेही गोळ्या आणि तांबीच्याच बाजूचं. 'संततिनियमन' त्याहून जुना, पण र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत केंद्र काढलं तेव्हापासून तो शब्द साधनांना चिकटलाय. चर्चचं म्हणणं वेगळं आहे. पोप पॉल सहावे यांनी २५ जुलै १९६८च्या परिपत्रकात साधनं नाकारली. मात्र तशीच गंभीर कारणं असली तर शरीरात मुळातच असलेल्या वंध्य काळाचा, म्हणजे दिवस राहत नाहीत अशा काळाचा, आधार घेऊन दोन मुलांत अंतर ठेवायला हरकत नाही, असं त्याच परिपत्रकाच्या सोळाव्या परिच्छेदात आहे. पाजत्या आईचा काळ हा असाच. देवाने दिलेला, कुणी बाहेरून घातलेला नव्हे.

जुन्या बायकांचा शब्द हवा असेल तर तो 'पाठ'. पाठचा भाऊ, पाठची बहीण, 'हिच्या पाठीवर काय झालं?' लागोपाठ मुलं झाली की 'पाठोपाठ'. आणि 'अंगावरचं तुटलं, मग पाठीवर मुलगा झाला' हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल. बायबलमधल्या होशेयच्या पुस्तकात पहिल्याच अध्यायातलं आठवं वचन काढून बघ. लो-रुहामा या मुलीचं दूध तोडल्यावर तिची आई पुन्हा गरोदर राहिली आणि तिला मुलगा झाला. तेच वाक्य आहे! आधी दूध तुटतं, मग दिवस राहतात, हा क्रम तेव्हाच्या लोकांना ठाऊक होता. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातली ती सात मुलांची आई धाकट्याला सांगते की मी तुला तीन वर्षं पाजलं. इसहाकाचं दूध तुटलं त्या दिवशी अब्राहामाने मेजवानी दिली. आपल्या जुन्या मराठीत अशा मुलाला 'थानतुटा' म्हणत. आता कुणी म्हणत नाही, पण किती नेमका शब्द आहे.

प्रश्नकर्ती

ताई, 'पाठ' ऐकून आईसुद्धा हसली, म्हणाली आम्ही असंच बोलायचो. मग मी असं लिहू का: 'आई बाळाला अंगावर पाजत असेल, तर पाठचं मूल लगेच राहत नाही'?

उत्तर

नको गं. हे वाक्य असं छापलंस तर एखादी फसेल.

एक बाई चार महिन्यांचं बाळ घेऊन माझ्याकडे आली होती. पाळी आलेली नव्हती, पण मळमळत होतं. मी विचारलं, अंगावर पाजतेस ना? म्हणाली, हो, अंगावरच. तिच्या पिशवीतून बाटलीचं बूच डोकावत होतं. मग हळूहळू कळलं की सकाळी बाळगुटी, दुपारी दोन चमचे पाणी, आणि रात्री सासूबाई बाळाला आपल्याकडे घेऊन बाटलीने वरचं दूध देत, सुनेला झोप मिळावी म्हणून. बाई खोटं बोलली नव्हती. 'अंगावर पाजते' म्हणजे 'अंगावरसुद्धा पाजते', हाच आपल्या बोलण्यातला अर्थ आहे. 'फक्त' त्यात येत नाही. तिला दोन महिन्यांचे दिवस होते.

म्हणून 'फक्त' हा शब्द पत्रकात ठळक छाप. १९८८ साली इटलीत बेलाजिओला तज्ज्ञ जमले, त्यांनी तीन अटी सांगितल्या. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं. ते पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे अंगावरच्या दुधावर हवं. आणि आईची पाळी परत आलेली नसावी. तिन्ही एकाच वेळी असतील तर दिवस न राहण्याची खात्री ९८ टक्के. एक जरी सुटली तरी हा आकडा धरायचा नाही. बाळंतपणानंतर पहिल्या ५६ दिवसांत अंगावरून गेलं तर ते पाळीत मोजत नाहीत. (इथेही जपून लिही. 'अंगावर पाजणं' आणि 'अंगावरून जाणं' शेजारी आलं की वाचणारी गोंधळते.)

बाळ ओढतं तेव्हा आईच्या मेंदूकडे निरोप जातो आणि बीज सोडायला सांगणारे मेंदूतले इशारे मंदावतात. हा परिणाम दूध किती आलं यापेक्षा बाळ किती वेळा ओढतं यावर टिकतो. मधे लांब खंड पडला, मुख्यतः रात्री, की इशारे पुन्हा सुरू होतात. पाळी येण्याआधीच बीज सुटू शकतं, हेही लिही.

आणखी एक प्रतिसाद

ताईंच्या बोलण्याला जोड देतो. अमेरिकेत शीला किपली या कॅथलिक बाईंनी १९६९ साली याच विषयावर पुस्तक लिहिलं. दिवसरात्र बाळ मागेल तेव्हा पाजणं, जवळ घेऊन झोपणं, बाटली आणि चोखणी न देणं, अशा रीतीला त्यांनी जे नाव दिलं त्याचं शब्दशः मराठी 'पर्यावरणीय स्तनपान' होतं. कृपया ते वापरू नका, नदीप्रदूषणाचा लेख वाटेल! 'बाळ अंगाशी ठेवून पाजणं' म्हणा. तसं पाजणाऱ्या आयांची पाळी सरासरी १४ ते १५ महिन्यांनी परतते असं त्यांना आढळलं होतं.

शब्दाचा संकोच तिकडेही होता. १९५६ साली इलिनॉयमधल्या सात कॅथलिक आयांनी एकमेकींना पाजायला मदत करणारी संस्था काढली. नावात 'स्तन' उघड घालायची सोय नव्हती. म्हणून फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनच्या दूध पाजणाऱ्या मारीयामातेच्या देवस्थानावरून त्यांनी 'ला लेचे' हे नाव घेतलं. 'लेचे' म्हणजे स्पॅनिशमध्ये दूध. मला वाटतं, आपण 'स्तनपान' एकदा लिहावं आणि पुढे सगळीकडे 'अंगावर पाजणं' ठेवावं. लूकच्या शुभवर्तमानात गर्दीतली बाई येशूला मोठ्याने म्हणतेच की, ज्या स्तनांनी तुला पाजलं ते धन्य.

प्रश्नकर्ती

आणि 'नैसर्गिक'? तो तरी ठेवू ना?

उत्तर

ठेव, पण तुझ्या पहिल्या प्रश्नातला 'आपोआप' काढ. मराठीत 'नैसर्गिक' म्हटलं की लोकांना 'काही करावं लागत नाही' असं वाटतं. चर्चच्या भाषेत नैसर्गिक म्हणजे देवाने घडवलेल्या शरीराच्या रीतीला धरून. ती रीत पाळायला आईला दिवसरात्र वेळ द्यावा लागतो, आणि घरच्यांना तिचा भार उचलावा लागतो. पोप जॉन पॉल दुसरे १२ मे १९९५ रोजी याच विषयावर बोलले, तेव्हा त्यांनीही म्हटलं की आयांना वेळ, माहिती आणि आधार हवा, आणि कित्येक समाजांत बायकांकडून इतकी अपेक्षा असते की पाजायला वेळच उरत नाही. सकाळची विरार लोकल धरणाऱ्या सुनेला हे वेगळं सांगायला नको. २०१७पासून कायद्याने २६ आठवड्यांची रजा आहे, म्हणजे बरोबर ते सहा महिने. पण ती सगळ्यांना मिळत नाही. जिला दूधच येत नाही तिच्यासाठीही एक ओळ राहू दे. तिने आईपणात काही कमी केलेलं नाही.

प्रश्नकर्ती

आज फादरांकडे पाठवलेलं वाक्य: 'बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, फक्त अंगावरच्या दुधावर असेल, रात्रीही पीत असेल आणि आईची पाळी आली नसेल, तोवर पाठचं मूल राहण्याचा संभव फार कमी असतो. यासाठी बाबांनी आणि आजीने घरकाम वाटून घ्यावं, बाळाला बाटली लावू नये.' मथळा: 'दोन मुलांतली पाठ'.

उत्तर

'बाटली लावू नये'च्या आधी 'मदत म्हणून' घाल. आज्या मदत म्हणूनच देतात.